फ्यूज काढला त्या दिवशीचं गाणं

इतिहास विचारला की माणसं स्वतःबद्दलच बोलायला लागतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी दुसरा विषय घेतला असता.

विषय तसा सोपा वाटला होता. आमच्या शहरातल्या रेडिओ केंद्राचा वाढदिवस होता आणि तिथल्या निवेदिता मॅडमनी ठरवलं होतं की केंद्राचा इतिहास या वेळी शाळेतल्या मुलीने सांगायचा, दहा मिनिटांत. आमच्या शाळेने माझं नाव दिलं. कारण पंधरा ऑगस्टला माझ्या भाषणाच्या सुरुवातीलाच माइक बंद पडला आणि मी न थांबता, माइकशिवाय, मैदानाच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या पोरांनाही ऐकू जाईल असं सगळं भाषण करून टाकलं. त्याआधी मी हजेरीला नुसता हात वर करणारी मुलगी होते. त्या दिवशी मला कळलं की मला आवाज आहे, आणि तो बराच मोठा आहे. आता तो रेडिओवरून जाणार होता. एफएमवरून नाही हं, मीडियम वेव्हवरून. म्हणजे तो जुना रेडिओ, ज्याच्यात गाण्याबरोबर खरखर फुकट मिळते.

मी वही घेऊन फिरायला लागले. पप्पांना विचारलं. पप्पा चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, पाळी संपवून आले की सोफ्यावर आडवे होतात.

"रेडिओ?" ते म्हणाले. "अजून चालू आहे?"

आमच्या इतिहासाच्या सरांना विचारलं, तर त्यांनी त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या रेडिओबद्दल सांगितलं आणि तो कुणी परत मागून नेला तेही सांगितलं. दूधवाल्या काकांनी सांगितलं की बातम्यांवर ते घड्याळ लावायचे. केंद्रात कोण होतं, काय लावायचे, ते बंद पडलं की काय व्हायचं, कुणाला काही माहीत नाही. प्रत्येकाला फक्त आपल्या घरातला रेडिओ कुठल्या फळीवर होता ते माहीत.

शेवटी मी वैतागून जिन्यात बसले होते, तेव्हा खालून सुंदरम्मा म्हणाली, "काय ग पिल्ला, तोंड का पाडलीस?"

सुंदरम्मा आमची घरमालकीण. आम्ही वर भाड्याने राहतो, खाली ती, तिचा नवरा अंबादासमामा आणि मुलगा कुमार. घराला लागून पत्र्याचा कारखाना आहे, त्यात कुमारचे चार माग चालतात, टॉवेलचे. दिवसभर खडाखड खडाखड. पाहुणे आले की ते ओरडून बोलतात, आम्ही साधं बोलतो आणि आम्हाला ऐकू येतं. सुंदरम्मा दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसते. ती माझ्याशी मराठी बोलते, रागावली की तेलुगू.

मी सगळं सांगितलं. ती पानं कातरत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "मी गायलेय की तितं."

"कुठे?"

"रेडिओवर. कुमार पोटात व्हता तवा."

मी तीन पायऱ्या एकदम उतरले. तीन वर्षं आम्ही या बाईच्या डोक्यावर राहतोय आणि हे मला आज कळतंय.

"काय गायलात?"

"विडीचं गाणं. आमच्या बायका म्हणतात ते, तेलुगूतलं. पण तितल्या बाई म्हणाल्या, महिलांचा कार्यक्रम मराठी हाय, मराठीत पायजे. मग त्यांनीच बसून मराठी केलं, माझ्याकडनं पाठ करून घेतलं. एकदा म्हटले, झालं."

"म्हणून दाखवा की."

"मराठीतलं विसरले. एकदाच म्हटलेलं कसं ध्यानात राहतंय?"

"मग रेडिओवर लागलं तेव्हा ऐकलं असेल की."

आता कात्री थांबली. तिने खाटेवर बसलेल्या अंबादासमामांकडे बघितलं. मामा लगेच उन्हाकडे बघायला लागले.

"त्याला काय विचारतीस," समोरच्या ओट्यावरून चंद्रव्वा म्हणाली. चंद्रव्वा अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी, आणि गल्लीत कुणाचंही बोलणं चालू असलं तरी ते आपल्याशीच चाललंय असं समजणारी. "मला विचार. माझ्या घरात झालंय सगळं."

मग त्या दोघींनी एकमेकींना तोडत जे सांगितलं ते असं.

तेव्हा गल्लीत आतापेक्षा खूप माग होते, दोन्ही बाजूंनी. मागांच्या मोटारी चालू असल्या की मीडियम वेव्हवर नुसती खरखर यायची. रेडिओ नीट ऐकायचा तर मागाच्या सुट्टीच्या दिवशी. आणि सुंदरम्माचं गाणं लागलं ते नेमकं चालू दिवशी, दुपारी. केंद्रातून कळवलं होतं, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायका विड्यांची सुपं घेऊन चंद्रव्वाच्या घरात येऊन बसल्या, कारण मोठा रेडिओ तिच्याकडे. सुंदरम्माला मधे बसवलं. नवी साडी. अंबादासमामा तेव्हा एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. त्यांनी सगळ्या मालकांना दहा मिनिटं माग बंद ठेवायची विनंती केली. बाकीच्यांनी ऐकलं. एक मालक म्हणाला, बायकांच्या गाण्यासाठी माग बंद ठेवला असं बाहेर कळलं तर मला कोण सूत देईल.

"मग ह्यो गेला," चंद्रव्वा म्हणाली, "आणि खांबावरच्या पेटीतला गल्लीचा फ्यूजच काढला."

"माग बंद करायचे होते," मामा उन्हाकडे बघत म्हणाले. "केलो."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय. माझा रेडिओ लाईटवरचा." चंद्रव्वाने हात झटकला. "दिवा गेला. रेडिओ गेला. सगळा शांत. आम्ही समजलो केंद्रच बंद पडलं. बसलो वाट बघत. एकीने तर केंद्रवाल्यांना शिव्या पण घातल्या. ह्यो तिकडं खांबाजवळ फ्यूज हातात घेऊन उभा, कुणी मालक परत लावेल म्हणून राखण करायला. दहा मिनिटं झाल्यावर लावला. रेडिओ चालू झाला तर आत एक माणूस उसावरच्या किडीबद्दल बोलतोय."

मला हसू आवरेना. मी पायरीवर लोळायचीच राहिले होते. मग बघितलं तर सुंदरम्मा हसत नव्हती.

"तेव्हापासून ही मला म्हणती," ती म्हणाली, "तुझा आवाज ऐकून रेडिओच बंद पडला."

"मी आता तेही म्हणत न्हाय," चंद्रव्वा म्हणाली. "मी म्हणते, लागलंच नसणार. विडीवालीचं गाणं कोण लावतंय. नुसतं बोलावलं, चहा पाजला, पाठवलं."

सुंदरम्मा पुन्हा पानं कातरायला लागली. चंद्रव्वा आत गेल्यावर, माझ्याशी नाही, सुपाशी बोलल्यासारखं म्हणाली, "लागलं असंल ग. आमच्या गल्लीत फ्यूज काढला व्हता, बाकीच्या जगात तर न्हवता की. कुनीतरी ऐकलं असंल."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "मी आणून देते. तुमचं गाणं. केंद्रातून."

माझा नवा आवाज. तो असा काहीतरी बोलून मोकळा होतो आणि मग मला त्याच्या मागे पळावं लागतं.

केंद्रात निवेदिता मॅडमनी मला खुर्ची दिली, बिस्किट दिलं आणि म्हणाल्या, "छान, किती झालं लिहून?"

मी म्हटलं, एक गाणं शोधायचंय, महिलांच्या कार्यक्रमातलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फ्यूजच्या ठिकाणी हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा दुकानदाराचा माल संपलाय सांगताना होतो तसा झाला.

"अगं, तेव्हा मोठ्या चकत्यांची टेप असायची आणि ती कमी असायची. कार्यक्रम वाजला की काही दिवसांनी ती चुंबकाच्या यंत्रावर फिरवून कोरी करायचे. त्याच टेपवर पुढचं रेकॉर्डिंग. मोठे गायक, मोठे पाहुणे, तेवढं जपून ठेवायचे."

"म्हणजे सुंदरम्मा पुसून टाकली."

"असं कशाला म्हणतेस. पद्धतच होती. सगळीकडे."

"तिच्यावर कोण बोललं असेल?"

"आता काय सांगू? खतांची माहिती असेल, आरोग्याची असेल."

मला एवढा राग आला की मी दुसरं बिस्किट घेतलं नाही. एवढा उंच मनोरा गावाबाहेर उभा, मधे जाड दारांच्या खोल्या, दाराबाहेर चपला काढायला लावतात, आत खोकलासुद्धा येऊ द्यायचा नाही, आणि एवढं सगळं करून जे पकडलं ते चुंबकाखाली घालून कोरं. मी विचारलं, मग तुमच्या इतिहासात मी सांगू काय? मॅडम म्हणाल्या, "स्थापना, प्रगती, आत्ताचं ॲप. तारखा मी देते. आणि त्या बाईंना घेऊन ये की, आपण नव्याने गाऊन घेऊ. मीडियम वेव्ह किती दिवस राहील सांगता येत नाही, तोपर्यंत लावू."

ते बरं वाटलं. मी धावत घरी आले आणि सुंदरम्माला सांगितलं. तिने मान हलवली, नाही अशी.

"अहो, स्वतः मॅडम बोलवतायत."

"मला गायचं न्हाय. मला ऐकायचंय."

"गायल्याशिवाय कसं ऐकणार?"

"तवाचं ऐकायचंय. आत्ताचं काय, आत्ताचं मी रोजच ऐकते."

वर जाऊन मी उशीत तोंड खुपसून ओरडले. माझा आवाज एवढा आहे की पप्पा धावत आले.

पप्पांनीच मग माढ्याला आज्जीला फोन लावून दिला, माझी बडबड थांबावी म्हणून. माझी आज्जी बजाबाई माढ्याजवळ शेतात राहते. तिला फोनवर सगळं ओरडून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग हरिबाला इच्यार की. त्यो रेडिओ कानाला लावूनच जलमलाय. लगीन ठरल्यालं बी त्याला रेडिओ बंद करून सांगावं लागलं."

हरिबाआजोबा म्हणजे तिचा धाकटा दीर. आणि आज्जी पुढे म्हणाली, "त्यानं रेडिओवरनं कॅसेटी भरल्यात. पेटीभर हायत. कुनाला हात लावू देत न्हाय."

रविवारी मी पप्पांना एसटीत घातलं.

हरिबाआजोबा विहिरीच्या मोटारीच्या खोलीत भेटले. तिथेच त्यांचं सगळं राज्य. भिंतीला टांगलेलं एक टेप आणि रेडिओ दोन्ही असलेलं यंत्र, टू-इन-वन म्हणतात तसलं, आणि खाली पत्र्याची पेटी. त्यांना मी आल्याचा आनंद झाला, पण कॅसेटला हात लावायचा म्हटल्यावर आनंद थोडा कमी झाला.

"त्यात बायकांचं काय न्हाय," ते म्हणाले. "म्या नुसती पिच्चरची गाणी भरायचो. महिलांचं संपलं की लगीच गाणी लागायची. मी बटनावर बोट ठेवून बसायचो. जरा उशीर झाला की गाण्याचं तोंड जातंय, म्हणून आदीच दाबायचो. त्यामुळं म्होरं म्होरं बायकांचा जरा कचरा येतो, पन त्यो काय मला काढता येत न्हाय."

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा झोपेत होते तरी त्यांचे डोळे उघडले.

"आजोबा, मला तो कचराच पाहिजे."

तुम्हाला वाटेल, झालं. पुढे पळवत जायचं, प्रत्येक गाण्याआधीचा तुकडा ऐकायचा. पण हरिबाआजोबांचा एक नियम होता. गाणं मधे तोडायचं नाही. लागलं की पूर्ण ऐकायचं, आणि ते स्वतः बरोबर गाणार. मी कॅसेट पुढे पळवायला हात नेला की ते माझं मनगट धरायचे. "अगं, त्यो बिचारा गातोय, त्याला पुरं करू दे की." आणि मग डोळे मिटून, मान हलवत, कडवीच्या कडवी. एका तुकड्यात लोणचं कसं मुरवायचं याची शेवटची सूचना, मग गाणं. एका तुकड्यात 'आणि बाळाला उन्हात', मग गाणं. उन्हात काय, ते कळलं नाही. तिकडे पप्पांनी जेवून घेतलं, झोपून घेतलं, शेतात चक्कर मारून आले. मी मोटारीच्या पाइपावर डोकं आपटून घेण्याच्या बेतात होते. मी म्हटलं, आजोबा, आमची एसटी चुकेल. ते म्हणाले, मग राहा की उंद्यापर.

आणि मग एका कॅसेटमधे, गाणं लागायच्या आधी, एक बाई गाताना ऐकू आली. एकच ओळ.

"...सुपामंदी माझ्या गं, उतरलं ऊन."

आवाज कोवळा. शेवटच्या शब्दावर ती थोडी घाईने थांबली, कुणी हाताने खूण केल्यासारखी. मग निवेदिकेचा आवाज: "आपण ऐकत होतात सोलापूरच्या विडी कामगार, सुंदरम्मा आणि..." आणि लगेच गाण्याची सतार. आणि कोण, ते गेलं सतारीखाली.

मी ओरडले. हरिबाआजोबांनी घाबरून बंद केलं.

"ही? ही व्हय?" ते म्हणाले. "ही तर मला पाठ हाय की. 'सुपामंदी माझ्या गं.' म्या ही गाण्याचीच ओळ समजतो. ह्ये माझं लई आवडीचं गाणं, लई वेळा लावल्यालं. त्येच्या आदी ही बाई म्हनतीच. दुसरीकडं कुटं ह्येच गाणं लागलं की मला वाटतं, ह्यांनी म्होरचं तोडलं."

तिथे खरखर अजिबात नव्हती. शेतात मागच नाहीत.

मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्यायला तुकडा परत लावायला सांगितला. तीन वेळा घेतला. तिन्ही वेळा 'सुपामंदी' आलं की हरिबाआजोबांनी सवयीने त्यात सूर मिसळला. मोबाईलमधे सुंदरम्मा कमी आणि तेच जास्त. मी त्यांना तोंडावर हात ठेवायला सांगितलं तर त्यांनी हाताखालून म्हटलं. शेवटी मी रडकुंडीला आले आणि म्हटलं, यंत्रच द्या, कॅसेटसकट. मग त्यांनी कापडात गुंडाळून, मूल देतात तसं, ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"सेलचा कप्पा गंजलाय, लाईटवरच चालतंय," ते म्हणाले. "आनि त्या बाईला सांग, पुरं गाणं असतं तर पुरं भरलं असतं. मला काय ठावं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी ते सुंदरम्माच्या दारात, तिच्या सुपाशेजारी ठेवलं. काय आहे ते सांगितलं. तिने उठून हात धुतले, तंबाखू लागलेला पदर झटकला, आत जाऊन दुसरी साडी नेसून आली. चंद्रव्वा न बोलावता आली आणि बसायला स्वतःचा पाट घेऊन आली.

"एवढ्या आवाजात काय ऐकू येणार?" चंद्रव्वा म्हणाली. कारखान्यात कुमारचे माग चालू होते.

मी खिडकीतून कुमारला हाक मारली. "कुमारदादा, पाच मिनिटं माग बंद करता का?"

"एवढं संपू दे, करतो," तो म्हणाला. तो नेहमी असंच म्हणतो.

मी म्हटलं, राहू दे, आपण आवाज मोठा करू. कॅसेट बरोबर त्या जागेवर आणून ठेवली होती. वायर लावली. बटण दाबलं.

"...सुपामंदी माझ्या गं, उत..."

आणि तो आवाज एकदम जाडा झाला, मग पुरुषासारखा झाला, मग गुरगुरला आणि थांबला. पंखा थांबला. आणि माग थांबले. सगळे एकदम. गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

मी यंत्र हलवलं. वायर काढली, लावली. कॅसेट अडकली असेल म्हणून झाकण उघडलं. मला वाटलं, पुसलं गेलं, हरिबाआजोबांना मी आता काय तोंड दाखवू.

सुंदरम्मा हलली नाही. तिने फक्त खाटेकडे बघितलं. खाट रिकामी होती.

"गेला," ती म्हणाली.

बोळातून काठी टेकत अंबादासमामा आले. मेन स्विच बोळातच आहे, घराचा आणि कारखान्याचा एकच. चेहऱ्यावर खूप समाधान. "केलो बंद," ते म्हणाले. "आता ऐका निवांत."

मग चंद्रव्वाला जे हसू आलं ते तिला पाटावर बसून आवरेना, ती ओट्याची कड धरून हसली. कारखान्यातून कुमार बाहेर आला, "लाईट कुणी घालवली?"

"तुझ्या बापानं," सुंदरम्मा म्हणाली. "तू पोटात व्हतास तवा पन ह्यांनीच घालवली."

मामांना तेव्हा कळलं. त्यांनी टू-इन-वनकडे बघितलं, वायरीकडे बघितलं. मला वाटलं आता ते रडतात. पण ते म्हणाले, "तवापास्नं ह्यांना एक सेलवरचा रेडिओ घेता आला न्हाय," आणि परत बोळात गेले.

लाईट आली. कुमार माग चालू करायचं विसरून दारातच उभा राहिला. मी परत मागे घेतलं, बटण दाबलं.

"...सुपामंदी माझ्या गं, उतरलं ऊन." "आपण ऐकत होतात सोलापूरच्या विडी कामगार, सुंदरम्मा आणि..." सतार.

मी बंद केलं.

"संपलं?" कुमारने विचारलं.

"एवढंच आहे," मी म्हटलं, आणि मला परत राग यायला लागला, सगळ्यांचाच. चुंबकाचा, सतारीचा, हरिबाआजोबांच्या बोटाचा. अजून थोडं आधी दाबलं असतं तर काय बिघडलं असतं. "पुढचं नाही, मागचं नाही. 'सुंदरम्मा आणि' कोण, ते पण नाही."

"आणि मैत्रिणी," सुंदरम्मा म्हणाली. "मागं दोघी साथीला व्हत्या. आता न्हाईत त्या." मग ओठ हलवून म्हणाली, "उतरलं ऊन. व्हय. असंच केलं व्हतं बाईंनी. कशी विसरले मी."

चंद्रव्वाने डोळे पुसले, हसून आलेलं पाणी होतं की काय ते मी विचारलं नाही. "म्हणजे लागलं होतं की," ती म्हणाली. आणि लगेच, "शेवटी घाई केलीस पण."

"तू गप. मला हात दाखवत व्हत्या, वेळ संपला म्हणून."

मी तिला हरिबाआजोबांचं सांगितलं. माढ्याजवळच्या मोटारीच्या खोलीत एक म्हातारा ही ओळ एवढी वर्षं म्हणतोय, त्याला वाटतं ती सिनेमाच्या गाण्याचीच आहे. सुंदरम्माने ते दोनदा सांगायला लावलं. तो कसा म्हणतो, ते मला म्हणून दाखवायला लावलं. मी जाडा आवाज काढून म्हटलं. तिने मान डोलावली, "सूर बरा हाय म्हाताऱ्याचा."

मग ती पाट ओढून यंत्राच्या अगदी जवळ बसली. "पिल्ला, बटन धर," ती म्हणाली. "मी म्हणते. शेवटची ओळ आली की दाब, ती तवाची लागू दे."

आणि ती तेलुगूत सुरू झाली. आत्ताच्या आवाजात, दात नसल्यामुळे मधे मधे हवा जाणारा. मला शब्द कळत नव्हते, चंद्रव्वालाही नाही, पण तिने ठेका धरला. मी बोट बटणावर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटची ओळ कुठली हे मला कसं कळणार? तिने भुवया उडवल्या, मी दाबलं, आणि ते जुनं बटण आधी खाट्कन वाजतं, मग चाकं फिरतात, मग आवाज येतो. तोपर्यंत ती पुढे गेली होती.

"उशीर केलीस. परत."

परत घेतलं. या वेळी मी आधीच दाबलं, ती अजून कडव्यात होती, आणि कोवळी सुंदरम्मा तिच्या अंगावर आली.

"लई घाई. परत."

मोबाईल मी पायरीवर उभा करून ठेवला होता, रेकॉर्डिंग चालू ठेवून. हेच मॅडमना देणार आहे, दहा मिनिटांत स्थापना बसो न बसो. कुमार म्हणाला, मी आता माग चालू करतो, माल द्यायचाय. सुंदरम्मा म्हणाली, कर. माग चालू झाले, खडाखड खडाखड, आणि मला माहीत आहे, मॅडम म्हणणार आवाज खराब आहे.

"धर बटन," सुंदरम्मा म्हणाली.

मी दोन्ही हातांची बोटं एकावर एक ठेवून बटण धरलं. ती पहिल्यापासून गायला लागली.